किंग्ज क्रॉसला राहायला येताय? आधी या भागाच्या सीमा ओळखा

लंडनच्या नकाशावर किंग्ज क्रॉस शोधायला वेळ लागत नाही. ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, सहा लाइन इथे एकत्र येतात. जमिनीवर किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस ही दोन मोठी स्टेशनं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि युस्टन स्टेशन पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. यूसीएल, एलएसई किंवा सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये शिकायला येणारी मुलं, गूगलमध्ये नोकरी लागलेली जोडपी, क्रिक इन्स्टिट्यूटमधले संशोधक अशी बरीच मराठी मंडळी इथे घर शोधतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

इथे आलं की सगळा भाग एकसारखा, नवा आणि नीटनेटका दिसतो. प्रत्यक्षात तो अनेक हद्दींनी कापलेला आहे. एक रस्ता ओलांडला की काउन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, बदलते. दुसरा ओलांडला की गाडीला शहरात शिरण्याची फी लागू होते. स्टेशनच्या मागे गेलात की पायाखालची जमीन खासगी मालकीची असते. एवढंच नव्हे, तुमच्या फ्लॅटमध्ये गरम पाणी कुठून येणार हेसुद्धा इमारत कुणाच्या हद्दीत आहे यावर ठरतं. या सीमा आधी समजून घेतल्या की पुढची कामं सोपी होतात, म्हणून मी सुरुवात तिथूनच करणार आहे.

जागेचा थोडा इतिहास

किंग्ज क्रॉस स्टेशन १८५२ मध्ये सुरू झालं. त्याच्यामागे मालगाड्यांचं यार्ड होतं. लिंकनशरहून येणारा गहू ग्रॅनरीच्या कोठारात उतरायचा, उत्तरेकडचा कोळसा कोल ड्रॉप्समध्ये रिकामा व्हायचा आणि रीजंट्स कॅनॉलमधून होड्यांनी पुढे जायचा. १८६८ मध्ये शेजारी सेंट पँक्रस आलं. त्याची लाल विटांची दर्शनी इमारत पाहून आपल्या सीएसएमटीची आठवण आल्याशिवाय राहत नाही, आणि ही आपल्या स्टेशनाहून थोडी जुनी आहे. १९६०च्या दशकात ती पाडण्याचा घाट घातला गेला होता. कवी जॉन बेट्जमन आणि त्यांच्यासारख्या काही हट्टी माणसांनी ती वाचवली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहतूक रस्त्यांवर गेली आणि यार्ड ओस पडलं. कायापालट सुरू झाला तो नोव्हेंबर २००७ मध्ये युरोस्टार सेंट पँक्रसला आल्याच्या सुमारास. त्याआधी, २००६ मध्ये, मागच्या ६७ एकरांच्या आराखड्याला परवानगी मिळाली होती. २०११ मध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलामहाविद्यालय ग्रॅनरीच्या इमारतीत आलं, २०१२ मध्ये समोरचा कारंज्यांचा चौक खुला झाला, २०१८ मध्ये कोल ड्रॉप्स यार्डची दुकानं उघडली. गॅस साठवण्याच्या जुन्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे सोडवून, दुरुस्त करून पुन्हा उभे केले आहेत. तिघांच्या आत फ्लॅट आहेत, चौथ्याच्या आत बाग.

हे सगळं होत असताना शेजारी माणसं राहतच होती. पश्चिमेला सोमर्स टाउन आणि पूर्वेला कॅलेडोनियन रोड, म्हणजे स्थानिकांची 'कॅली', या जुन्या कष्टकरी वस्त्या आहेत. नवा भाग त्यांच्या मधोमध आहे, हे घर शोधताना लक्षात असू द्या.

पहिली पायरी: पत्ता कोणत्या काउन्सिलचा?

यॉर्क वे हा रस्ता म्हणजे कॅम्डेन आणि इस्लिंग्टन या दोन बरोंची (लंडनच्या पालिका-विभागांची) हद्द. पश्चिमेची बाजू कॅम्डेनची, पूर्वेची इस्लिंग्टनची. नव्या वसाहतीला, म्हणजे स्टेशनांमागच्या त्या ६७ एकरांना, एन१सी हा खास नवा पोस्टकोड मिळालेला आहे. सोमर्स टाउन एनडब्ल्यू१ मध्ये येतं, युस्टन रोडच्या दक्षिणेला डब्ल्यूसी१ सुरू होतं आणि कॅलीकडे नुसतं एन१. पोस्टकोडवरून अंदाज बांधू नका. सरकारी संकेतस्थळावर तो टाकून काउन्सिल कोणती ते बघून घ्या.

काउन्सिल टॅक्स, कचरा, पार्किंग, शाळाप्रवेश आणि मतदार यादी ही सगळी कामं त्या एका काउन्सिलकडे असतात. चावी हातात आली की लगेच काउन्सिल टॅक्ससाठी नाव नोंदवा. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ होतो, एकटेच राहत असाल तर २५ टक्के सूट मिळते. पण दोन्ही गोष्टी मागाव्या लागतात, आपोआप मिळत नाहीत.

मोटार असेल तर आणखी दोन गोष्टी. कॅम्डेनमध्ये नव्या इमारतींच्या रहिवाशांना रस्त्यावर गाडी लावण्याचा परवाना सहसा मिळत नाही. आणि युस्टन रोड व पेंटनव्हिल रोड ही कंजेशन चार्जची, म्हणजे मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याच्या फीची, सीमा आहे. त्यांच्या उत्तरेला राहणारा दक्षिणेला गाडी घेऊन गेला की पैसे भरतो. खरं सांगायचं तर इथे राहून गाडी ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

दुसरी पायरी: घर बघणं

इथे साधारण तीन प्रकारची घरं मिळतात. वसाहतीतल्या नव्या इमारती देखण्या आहेत, पण भाडंही तसंच. सोमर्स टाउन आणि कॅलीकडे जुन्या काउन्सिल इमारतींतले, आता खासगी मालकीचे झालेले फ्लॅट असतात. त्यांचे जिने आणि गॅलऱ्या बघून नवखी माणसं परत फिरतात, पण आतल्या खोल्या बऱ्याचदा नव्या फ्लॅटपेक्षा ऐसपैस असतात आणि स्टेशन तेवढंच जवळ. तिसरा प्रकार म्हणजे जुन्या उंच घरांचे मजलेवार विभागून केलेले फ्लॅट. तिथे खिडक्या आणि थंडी दोन्ही तपासून घ्या.

घर दोन वेळा बघा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री उशिरा. रुळांच्या दुरुस्तीची कामं रात्री आणि शनिवार-रविवारी चालतात, कारण दिवसा गाड्या थांबवता येत नाहीत. बेडरूमची खिडकी रुळांकडे आहे का, यॉर्क वेकडे आहे का, की आतल्या अंगणाकडे, हा प्रश्न भाड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आता गरम पाण्याकडे येऊ. नव्या वसाहतीला स्वतःचं ऊर्जा केंद्र आहे. तिथून जमिनीखालच्या नळांनी इमारतींना गरम पाणी आणि खोल्यांची उष्णता पुरवली जाते. फ्लॅटमध्ये गॅसचा बॉयलर नसतो. त्यामुळे विजेची कंपनी बदलता येते, पण उष्णतेची नाही. ती एकाच पुरवठादाराकडून घ्यावी लागते. करार करण्याआधी तीन गोष्टी विचारा. मीटर स्वतंत्र आहे का? दररोजचा स्थिर आकार किती? आधीच्या भाडेकरूचं हिवाळ्यातलं बिल किती आलं होतं? एजंट टाळाटाळ करू लागला तर लेखी विचारा.

स्वयंपाकघराचंही बघून घ्या. बहुतेक नव्या फ्लॅटमध्ये इंडक्शनची शेगडी असते. घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर आणि बिडाचा तवा यांतला तवा चालेल, कुकर चालणार नाही. इंडक्शनच्या बुडाचा कुकर पुण्या-मुंबईतच घेऊन या. फुलका आचेवर फुगवणं विसरावं लागेल, तव्यावरच कापडाने दाबून पोळी करायची सवय ठेवा. बैठकीच्या खोलीतच स्वयंपाकघर असेल तर छतावर अलार्म असतो आणि मोहरी-हिंगाची फोडणी त्याला पुरेशी ठरते. शेगडीवरचा पंखा आधी चालू करायचा, फोडणी झाकणाखाली करायची, आणि अलार्म कधीही झाकून ठेवायचा नाही. तो जीव वाचवण्यासाठी आहे. बघायला गेलात की पंखा हवा बाहेर टाकतो की नुसती गाळून परत खोलीत सोडतो, तेवढं विचारा.

तिसरी पायरी: करार आणि पैसे

इंग्लंडमध्ये घरमालकाला तुमचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो. व्हिसा आता डिजिटल असल्याने खात्यात लॉगिन करून शेअर कोड काढून द्यायचा. तो ९० दिवस चालतो.

वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. घर राखून ठेवण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं घेता येतं. डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत ते सरकारमान्य योजनेत जमा करणं मालकावर बंधनकारक आहे. त्याची पावती मागून घ्या. एजंटने 'कागदपत्रांची फी', 'रेफरन्सची फी' मागितली तर देऊ नका, २०१९ च्या कायद्याने तिला बंदी आहे.

नव्याने येणाऱ्यांना सर्वांत जास्त दिलासा देणारा बदल १ मे २०२६ पासूनचा आहे. ब्रिटनमध्ये जामीनदार नाही म्हणून आपल्या मुलांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घेण्याची पद्धत इथे सर्रास होती. घरची माणसं कर्ज काढून ते पैसे पाठवायची. नव्या कायद्यानुसार एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही, जाहिरातीतल्या भाड्याच्या वर बोली लावायला लावता येत नाही, आणि कारण न देता घर सोडायला सांगता येत नाही. भाडेकरूला मात्र दोन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही निघता येतं. मोठ्या विद्यार्थी वसतिगृहांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तिथे राहणार असाल तर करार शब्दन् शब्द वाचा.

राहायला गेलात की पहिल्याच दिवशी प्रत्येक खोलीचे, भिंतींचे, गादीचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. डिपॉझिटचे वाद याच फोटोंवर सुटतात.

चौथी पायरी: खासगी रस्त्यांवरचं सार्वजनिक जीवन

ग्रॅनरी चौक, किंग्ज बुलेव्हार्ड, लुइस क्युबिट पार्क ही सगळी ठिकाणं सर्वांना खुली आहेत. मुलं उन्हाळ्यात कारंज्यांत भिजतात, कुणी त्यांना हटकत नाही. पण ही जमीन काउन्सिलच्या बागेसारखी नाही. तिचे मालक, तिचे रखवालदार आणि तिचे कॅमेरे वेगळे आहेत. २०१९ मध्ये इथल्या काही कॅमेऱ्यांत चेहरे ओळखणारं तंत्रज्ञान काही काळ वापरलं गेल्याचं बाहेर आलं. माहिती आयुक्तांनी चौकशी सुरू केली आणि मालकांनी ते पुन्हा न वापरण्याचं जाहीर केलं. इथे राहणाऱ्याला ही गोष्ट माहीत असायला हवी, कारण रोजचं येणं-जाणं याच वाटेने होतं.

व्यवहारातला अर्थ असा, की चौकात दिवाळीचा छोटा कार्यक्रम करायचा असेल, पत्रकं वाटायची असतील किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचं असेल तर परवानगी वसाहतीच्या व्यवस्थापनाकडे मागा. दिवा गेला, फरशी उखडली तर तक्रारही तिथेच. यॉर्क वेवरचा खड्डा मात्र काउन्सिलचा.

कॅम्डेन काउन्सिलची इमारत या वसाहतीच्या आतच आहे, ५ पँक्रस स्क्वेअर. तिथे वाचनालय, पोहण्याचा तलाव आणि जिम आहे. आसपासच्या खासगी जिमच्या जाहिराती बघण्याआधी इथली चौकशी करा.

पाचवी पायरी: स्टेशन वापरायला शिका

किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला व्हिक्टोरिया, पिकॅडिली, नॉर्दर्न, सर्कल, हॅमरस्मिथ अँड सिटी आणि मेट्रोपॉलिटन या लाइन मिळतात. स्टेशन एवढं पसरलेलं आहे की चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर दहा मिनिटं सहज जातात. ग्रॅनरी चौकाकडे राहणाऱ्यांनी उत्तरेकडच्या तिकीट हॉलची वाट धरावी, युस्टन रोडच्या दारांनी बाहेर पडून वळसा घालू नये.

हीथ्रोला पिकॅडिली लाइन थेट जाते, साधारण तासाभरात. पण ॲक्टन टाउनला ती फुटते, म्हणून गाडीवर हीथ्रो लिहिलेलं बघूनच चढा. दुसरा मार्ग म्हणजे फॅरिंग्डनपर्यंत जाऊन एलिझाबेथ लाइन घेणं. वेळ कमी लागतो, पैसे जास्त. आई-बाबा पहिल्यांदा येत असतील, बरोबर दोन-दोन बॅगा असतील, तर हा जास्तीचा खर्च करा. किंग्ज क्रॉसला रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने जाता येतं. थेम्सलिंकच्या गाड्या सेंट पँक्रसहून गॅटविक आणि ल्युटन विमानतळांकडे जातात.

शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरा परतणाऱ्यांसाठी: रात्रभर चालणारी ट्यूब इथे फक्त व्हिक्टोरिया आणि पिकॅडिलीवर मिळते. नॉर्दर्न लाइनची रात्रसेवा चेअरिंग क्रॉसच्या फाट्यावरून जाते, ती इथे येत नाही.

कार्ड टॅप करून प्रवास केला तर दिवसाच्या खर्चाला कमाल मर्यादा लागू होते, मात्र रोज तेच कार्ड वापरा. फोनने आणि कार्डाने आलटूनपालटून टॅप केलंत तर ती दोन वेगळी खाती धरली जातात. रेलकार्ड (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) काढलं असेल तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ते ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डाला जोडून घ्या, गर्दीच्या वेळा सोडून एक तृतीयांश भाडं वाचतं.

स्टेशनच्या दारांबाहेर फोन हातात धरून नकाशा बघत उभं राहू नका. सायकलवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार मध्य लंडनमध्ये नेहमीचे झाले आहेत. आतच रस्ता बघा, फोन खिशात टाका, मग बाहेर पडा. गाडीत किंवा स्टेशनात कुणी त्रास दिला तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करता येतो, तातडीच्या वेळी ९९९.

युस्टनकडे चालत जाताना युस्टन रोडचा धूर खात जाण्याची गरज नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या मागून ब्रिल प्लेस आणि फीनिक्स रोडने जा. शांत वाट आहे आणि सोमर्स टाउन तिथूनच ओळखीचं होतं. कालव्याकाठची वाट दिवसा फार सुंदर, पण हिवाळ्यात लवकर अंधार पडतो. तेव्हा एकट्याने वरचा रस्ता धरावा.

दवाखाना आणि शाळा

व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार भरलेला असतो (वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना ७७६), म्हणून आजारी पडण्याची वाट न पाहता पहिल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून ते नाकारू शकत नाहीत. रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी १११, आणि सर्वांत जवळचा अपघात विभाग युस्टन रोडवरच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये. वसाहतीत किंग्ज क्रॉस अकॅडमी ही प्राथमिक शाळा आहे. तिचा प्रवेश अर्ज शाळेकडे नाही, तुम्ही राहता त्या काउन्सिलकडे करायचा, आणि रिसेप्शन या शाळेतल्या पहिल्या वर्गाची मुदत १५ जानेवारीला संपते.

सहावी पायरी: बाजारहाट, आणि वसाहतीबाहेर पडणं

वसाहतीतल्या दुकानांतच किराणा भरत राहिलात तर महिन्याचं गणित कोलमडेल. पूर्वेला पेंटनव्हिल रोडचा चढ चढून एंजलला गेलात की चॅपल मार्केट लागतं. रस्त्यावरचा भाजीबाजार, सोमवार सोडून रोज. पश्चिमेला युस्टनच्या पलीकडे ड्रमंड स्ट्रीट आहे. अंबाला ही मिठाईची साखळी १९६५ मध्ये याच रस्त्यावर सुरू झाली. डाळी, मसाले आणि कढीपत्ता इथे मिळतो, भेळपुरीसुद्धा. गेली काही वर्षं शेजारच्या हायस्पीड रेल्वेच्या कामाने या रस्त्याचं गिऱ्हाईक तोडलं. एका रेल्वे-पुनर्विकासाचा लाभ घेणाऱ्या आपण दुसऱ्याचा फटका बसलेल्या या दुकानांत आवर्जून जावं असं मला मनापासून वाटतं.

मोठी खरेदी करायची असेल, गवार-तोंडली आणि ओला नारळ हवा असेल, तर वेम्ब्लीचा ईलिंग रोड गाठा. पिकॅडिलीची रेनर्स लेन किंवा अक्सब्रिजची गाडी पकडून थेट आल्पर्टनला उतरा.

ब्रिटिश लायब्ररी पाच मिनिटांवर आहे. बाहेरच्या टेबलांवर कुणालाही बसता येतं, वाचनकक्षांसाठी पास मोफत मिळतो. इंडिया ऑफिसचे कागद तिथे आहेत, मुंबई इलाख्याच्या कारभाराचेही. आपल्या गावाचा जुना उल्लेख शोधायचा असेल तर याहून सोयीची जागा नाही. आणि कालव्याच्या काठाने पश्चिमेला चालत कॅम्डेन ओलांडून प्रिमरोझ हिलकडे गेलात की १०, किंग हेन्रीज रोड येतो. एलएसईत शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले होते. महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन २०१५ मध्ये त्याचं स्मारक केलं.

सातवी पायरी: मतदार यादीत नाव

हे बहुतेकांना माहीत नसतं. भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक असल्यामुळे इथे कायदेशीर वास्तव्य असेल तर मतदान करू शकतात, काउन्सिलच्याही आणि संसदेच्याही निवडणुकीत. विद्यार्थी व्हिसावरसुद्धा. नोंदणी ऑनलाइन होते, काही मिनिटांत. यादीत नाव आल्याने फोनचं कंत्राट किंवा बँकेचं कार्ड मिळतानाही मदत होते. पण माझ्या लेखी खरं कारण दुसरं आहे. जिथली जमीन खासगी आहे तिथे पुढची इमारत किती उंच, तिच्यात परवडणारी घरं किती, यावर बोलण्याची जागा काउन्सिलच्या नियोजन समितीत असते. तुमच्या वॉर्ड-प्रतिनिधीने तुमच्या ईमेलला उत्तर देणं अपेक्षित असतं, तुम्ही दोनच वर्षांसाठी आला असलात तरी. सोमर्स टाउनचे आणि कॅलीचे लोक हे गेली कित्येक वर्षं करत आले आहेत. त्यांच्या सभांना जाऊन मागच्या बाकावर बसा, परिसर कसा चालतो ते तिथे कळतं.

राहता राहिलं महाराष्ट्र मंडळ. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे. गणपतीत तिथे अख्ख्या लंडनची मराठी मंडळी जमतात. किंग्ज क्रॉसहून मेट्रोपॉलिटन लाइनने फिंचली रोडला जा आणि तिथे त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला ज्युबिली लाइनची गाडी घ्या, जिना चढावा लागत नाही. डॉलिस हिलला उतरून पुढे चालत जाता येतं. शनिवार-रविवारी निघण्याआधी या दोन्ही लाइन चालू आहेत ना, एवढं बघून घ्या.